नौपाड्याची पोळी, न्यूरेम्बर्गचा पाव आणि फ्रिस्कोचा फ्रिज

पहिल्या संध्याकाळी मुलाने टेबलावर तीन छोट्या लाकडी पाट्या मांडल्या, मधे काळसर पावाचे जाड काप, लोणी, दोन प्रकारचं चीज, लाल मुळे आणि बरणीतल्या आंबट काकड्या. मी बसले आणि वाट बघत राहिले की आता आतून काहीतरी गरम येईल, निदान सूप तरी. शेवटी सून म्हणाली, "आई, घ्या ना, हेच जेवण आहे." मला एकदम कसंतरीच झालं. ठाण्यात रोज इतक्या लोकांना गरम पोळी देते मी आणि माझा स्वतःचा मुलगा रात्री गार पाव खातो, हे काही केल्या मनातून जाईना, त्या रात्री झोप पण धड लागली नाही.

माझं नौपाड्यात पोळीभाजी केंद्र आहे, चौदा वर्षं झाली. माझ्याबरोबर चार बायका आहेत. त्यामुळे मी कुठेही गेले तरी आधी बघते ते चर्च, किल्ला नाही, लोक काय खातात, कोण करतं आणि ते घरापर्यंत येतं कसं हे बघते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत मी ताईकडे होते, अमेरिकेत, टेक्सासमध्ये डॅलसच्या वरच्या बाजूला फ्रिस्को म्हणून गाव आहे तिथे. आणि गेल्या वर्षी म्हणजे २०२५ चे मे आणि जून मुलाकडे जर्मनीत, न्यूरेम्बर्गला. परत आल्यापासून सगळे विचारतात की काय मग, कुठे जास्त आवडलं. उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाहीये ते, म्हणून लिहायला बसले.

तर ते गार जेवण. मुलाने सांगितलं की याला आबेंडब्रोट म्हणतात, शब्दशः संध्याकाळचा पाव, म्हणजे आपल्या भाषेत संध्याकाळची भाकरीच. तिथे जुन्या पद्धतीत गरम जेवण दिवसातून एकदा, दुपारी, आणि संध्याकाळी हे. शब्द ऐकला आणि माझा राग जरा उतरला, कारण आपण पण भाकरी म्हणतो तेव्हा ज्वारीची भाकरी एवढंच म्हणत नाही ना, पोटाची भाकरी म्हणतो, कोणाची नोकरी गेली की भाकरी गेली म्हणतो, आणि जर्मनमध्ये पण ब्रोट म्हणजे पाव आणि ब्रोट म्हणजेच रोजीरोटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मुलाबरोबर खाली बेकरीत गेले. चालत सहा मिनिटं. आत भट्टी दिसत होती आणि एक माणूस पावाचा एवढा मोठा गोल गड्डा हातात घेऊन उलटा करून खालून बोटाच्या पेरांनी टकटक वाजवत होता. एक वाजवला, ठेवला, दुसरा वाजवला, परत आत सरकवला. मुलाने विचारून सांगितलं की पोकळ आवाज आला म्हणजे आतून भाजला गेलाय, भदभद आवाज आला तर अजून ओल आहे. मी तिथेच उभी राहिले, हलावंसंच वाटेना. आमच्याकडच्या बायका पोळी तव्यावर कडेने फडक्याने दाबतात आणि वाफ कुठून निघते ते बघून सांगतात झाली की नाही, घड्याळ बघत नाही कोणी. तो पाव राय नावाच्या धान्याचा, गव्हासारखंच असतं पण पीठ काळपट आणि चिकट, आणि त्याचं आंबवण रोज थोडं बाजूला काढून ठेवतात उद्यासाठी, आपण विरजण ठेवतो अगदी तसंच. जर्मनीत पावाच्या प्रकारांची नोंद ठेवणारी संस्था आहे, तिच्याकडे तीन हजारांच्या वर प्रकार नोंदलेत. घरी आल्यावर लोणी लावून तो पाव परत खाल्ला, नीट चावून चावून, आंबूस, करकरीत कडा, आणि मान्य केलं की हे गार असलं तरी शिळं नाहीये. गार आणि शिळं यात फरक आहे हे मला त्या दिवशी कळलं, इतकी वर्षं मी दोन्ही एकच धरत होते.

फ्रिस्कोला उलट होतं. तिथे रोज जेवण गरम, पण ताजं म्हणावं असं फार कमी. ताईचा फ्रिज दोन दारांचा, आमच्या केंद्राच्या फ्रिजपेक्षा मोठा, आणि गराजमध्ये अजून एक डीप फ्रीजर. दूध गॅलनच्या कॅनमध्ये, म्हणजे पावणेचार लिटर एकदम. शनिवारी भावोजी गाडी काढायचे, कॉस्टकोला जायचं, गाडीची डिकी भरून सामान आणायचं आणि मग आठवडाभर ते उतरवत राहायचं. ब्रेड मऊ, स्पंजसारखा, दहा दिवस तसाच्या तसा राहतो आणि गोड लागतो, खरंच गोड. मला वाटलं माझ्याच जिभेचं काहीतरी असेल, पण २०२० साली आयर्लंडच्या सुप्रीम कोर्टाने एका मोठ्या अमेरिकन सँडविच कंपनीच्या पावाबद्दल निकाल दिलाय की यात साखर इतकी आहे की करसवलतीसाठी याला ब्रेड म्हणता येणार नाही, पिठाच्या वजनाच्या दोन टक्के साखरेची मर्यादा होती आणि यात होती दहा टक्के!

ताईला मी नावं ठेवत नाहीये हं. तिचा दिवसच तसा आहे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुपारी मला कोथिंबीर हवी होती, मी म्हटलं चालत जाऊन घेऊन येते, तर ताई घाबरली, "अगं कुठे चाललीस, थांब, गाडीने सोडते." मी तरी निघाले. सुंदर घरं, सुंदर हिरवळ, रस्त्यात एक माणूस नाही, मग सहा पदरी रस्ता लागला आणि फुटपाथ तिथेच संपला, पुढे नुसतं गवत. परत फिरले. भावोजींनी संध्याकाळी सांगितलं की तिथे बहुतेक ठिकाणी नियमच असे आहेत की घरांचा भाग वेगळा, दुकानांचा वेगळा, घरांच्या मधे दुकान काढायला परवानगी मिळत नाही. हे ऐकून मी बराच वेळ गप्प होते. माझं केंद्र म्हणजे बिल्डिंगच्या तळमजल्यावरचा एक गाळा, वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून हाक मारून चार पोळ्या सांगतात आणि पिशवी दोरीने खाली सोडतात. ताईच्या गावात राहत असते तर हे केंद्र निघालंच नसतं. त्या चार बायकांच्या चुली पण मग कशावर चालल्या असत्या.

न्यूरेम्बर्गला सगळं चालण्याच्या टप्प्यात. आणि लांब जायचं तर महिन्याचा पास, मी होते तेव्हा अठ्ठावन्न युरोचा होता, गावातली बस, ट्राम, मेट्रो आणि सगळ्या जर्मनीतल्या साध्या गाड्या त्यात येतात, फक्त लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या सोडून. गावाच्या मधोमध हाउप्टमार्क्ट म्हणून चौक आहे, तिथे रविवार सोडून भाजीबाजार भरतो आणि बरीचशी भाजी गावाला लागूनच्या पट्ट्यातली, त्या पट्ट्याचं नावच क्नोब्लाउख्सलांड, म्हणजे लसणाचा मुलूख. मला लगेच वसईची भाजी आठवली, पहाटेच्या गाडीने टोपल्या घेऊन येणाऱ्या बायका आठवल्या. मे-जून म्हणजे पांढऱ्या शतावरीचा मोसम, आपली औषधी मुळी नाही हं, अ‍ॅस्परॅगसचे कोवळे कोंब, श्पार्गेल म्हणतात, आणि लोक त्यासाठी आपण हापूससाठी होतो तसे वेडे होतात, हॉटेलांबाहेर पाट्या, बाजारात ढीग, आणि चोवीस जूनला तोडणी बंद. हवी असली तरी बंद, कारण मुळांना पुढच्या वर्षासाठी जीव धरू द्यायचा असतो. आपल्याकडे मिरग लागला, पहिला पाऊस पडला की आंबा संपला म्हणायचे ना, तसं. शेजारच्या जर्मन आजींनी मला घरी बोलवून ती करून दाखवली. सोललेली शतावरी उकडून वर लोण्याचा सॉस आणि बटाटे. पण मला आवडलं ते वेगळंच, सोललेली सालं त्यांनी टाकली नाहीत, त्याच पाण्यात उकळून गाळून दुसऱ्या दिवशी सूप केलं. मी सुनेला म्हटलं त्यांना सांग, आम्ही दोडक्याच्या शिरांची चटणी करतो. सुनेने सांगितलं, आजींनी कशी करता ते सगळं विचारलं, तीळ घालता का, भाजता किती, आणि दोघींची भाषा एक नसताना आमचं अर्धा तास बोलणं चाललं.

अंड्यांचं सांगायचं राहिलं. केंद्रावर मंगळवार-शुक्रवार अंडाकरी असते, तिसाचे ट्रे येतात आणि ओट्याखाली बाहेरच राहतात. फ्रिस्कोला अंडी फक्त फ्रिजमध्ये, पांढरीशुभ्र, धुतलेली, आणि बाहेर राहिली तर ताई टाकूनच देते. न्यूरेम्बर्गला दुकानात बिस्किटांच्या शेजारी, बाहेर फळीवर. मला वाटलं कोण चुकतंय यात? तर कोणीच नाही. अंड्याच्या कवचावर निसर्गाने दिलेला पातळ थर असतो, तो बारीक छिद्रं बंद ठेवतो. अमेरिकेत अंडी धुतात, थर जातो, मग ती थंडच ठेवावी लागतात. युरोपात विक्रीची चांगल्या प्रतीची अंडी धुवायला बंदी आहे, थर राहतो, बाहेर चालतात. आणि तिथल्या प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो, पहिला आकडा ० असेल तर सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या आवारातली कोंबडी, २ म्हणजे शेडमध्ये सुटी, ३ म्हणजे पिंजऱ्यातली, पुढे देशाची अक्षरं. एका अंड्याची एवढी जबाबदारी घेतलेली बघून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे ट्रेवर तारीखसुद्धा दिसत नाही कधीकधी.

आता अमेरिकेचं जे मनापासून आवडलं ते. हॉटेलात बसल्या बसल्या पाणी. न मागता, मोठा ग्लास भरून, संपला की परत भरतात. आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं हे आपल्या रक्तात आहे, आणि न्यूरेम्बर्गला पाण्याची बाटली बिलात बघितली तेव्हा मला वाईट वाटलं, पैशांचं नाही, पाण्याला पैसे लावले याचं. फ्रिस्कोला अनोळखी माणूस लिफ्टमध्ये, दुकानाच्या रांगेत, कुठेही हसून विचारतो कशा आहात, समोरच्या घरातली बाई मी आल्याचं कळलं तशी केळ्याचा केक घेऊन आली. काउंटरवरचा मुलगा सामान पिशवीत भरून देतो. न्यूरेम्बर्गला काउंटरवरची बाई इतक्या भरभर वस्तू सरकवते की आपण भरेपर्यंत मागचा माणूस खांद्यावर येतो, आणि तीच बाई तिसऱ्या आठवड्यात मला ओळखून मान हलवायला लागली. वेळ लागतो तिथे. आणि उरलेलं अन्न! अमेरिकेत वेटर स्वतःहून डबा आणून देतो, कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. फ्रान्समध्ये लोक मागायला इतके संकोचायचे की तिथे २०२१ पासून हॉटेलांना डबा मागितला तर द्यावाच लागेल असा कायदा आहे. अन्न टाकायचं नाही यात मी अमेरिकेच्या बाजूने.

आणि टॉर्टिया, म्हणजे मेक्सिकोची पोळी. टेक्सासच्या एच-ई-बी दुकानात आतच टॉर्टिया करतात, मशीनवर पट्ट्यावरून गोल चकत्या सरकत येतात आणि मधेच टम्म फुगतात, त्या फुगताना बघून मला घरची आठवण आली आणि मी ताईला म्हटलं आज गाडीची डिकी राहू दे, हे गरम गरम पाकीट घे आणि इथेच उभ्याने खाऊ. मैद्याच्या होत्या त्या. मक्याच्या करतात त्याची गंमत वेगळी, मका चुन्याच्या पाण्यात उकडून, भिजवून, मग वाटतात, मेक्सिकोतल्या बायका हे हजारो वर्षं करतायत. मका युरोपात गेला पण चुन्याची रीत गेली नाही, आणि उत्तर इटलीत नुसत्या मक्याच्या घाट्यावर जगणाऱ्या गरीब लोकांना अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पेलाग्रा नावाचा रोग झाला, कातडी सोलायची, डोकं बिघडायचं, माणसं मरायची. मक्यातलं जीवनसत्त्व चुन्याशिवाय अंगी लागत नाही. धान्य नेलं, बायकांचं शहाणपण मागेच राहिलं. हे वाचलं तेव्हा मला रडू आलं.

टिपचा विषय मात्र मला अजून पटत नाही. अमेरिकेत बिलावर अठरा-वीस टक्के द्यायचेच, आणि ताईने कारण सांगितलं ते असं की वेटरचा किमान पगार तिथल्या केंद्र सरकारच्या कायद्याने तासाला २.१३ डॉलर, १९९१ पासून तोच, टेक्सासमध्ये पण तोच. टिप धरून सव्वासात डॉलर झाले नाहीत तर मालकाने भरून द्यायचे, पण मुळात पगार गिऱ्हाईकाच्या हातात. जर्मनीत मी होते तेव्हा किमान वेतन तासाला १२.८२ युरो, वेटरला पण तेच, आणि लोक आनंदाने वर दोन-तीन युरो ठेवतात. मी पण मालकीणच आहे ना. माझ्याकडची बाई सकाळी पाच वाजता कळव्याहून निघते, तिचा पगार समोरच्या गिऱ्हाईकाचा मूड कसा आहे त्यावर सोडायचा हे मला जमणार नाही. किंमत पण तशीच, अमेरिकेत फळीवर एक आणि काउंटरवर वेगळी, टॅक्स नंतर लागतो. युरोपात लिहिलंय तेवढंच, आपल्या एमआरपीसारखं.

परत आल्यावर ठाणं मला दोन ठाणी दिसायला लागलं. जांभळी नाक्याला भाजी घेणारं, तलावपाळीला फेरी मारून येताना पोळ्या नेणारं एक, आणि घोडबंदर रोडचं दुसरं. आमचीच कितीतरी गिऱ्हाईकं तिकडे मोठ्या घरात राहायला गेली, छान झालं, पण आता शनिवारी गाडी काढून मॉलला जातात, डिकी भरतात, आणि मधे काही लागलं तर दहा मिनिटांत घरपोच. एक काकू तिथून फोन करून म्हणाल्या की अगं इथे खाली उतरून चालत जावं असं काही नाहीच गं. फ्रिस्कोच आलं डोळ्यासमोर. आपल्याकडे पाववाला अजून सकाळी सायकलवर येतो, आणि पाव हा शब्दच पोर्तुगीजांचा आहे, चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली त्याआधी जवळजवळ दोनशे वर्षं हा सगळा पट्टा त्यांच्याकडे होता. म्हणजे युरोपातली रोज सकाळच्या ताज्या पावाची सवय आपल्या दारात आधीच आलेली आहे, आणि आपण ती आता सोडतोय, याचं मला खूप वाईट वाटतं.

एक गोष्ट मी तिथून उचलून आणली. रविवार. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, अगदी सुपरमार्केट बंद, बेकरी फक्त काही तास, आणि रविवारच्या सुट्टीचं संरक्षण त्यांच्या राज्यघटनेत आहे. पहिल्या रविवारी मला तो शुकशुकाट सहन होईना. चौथ्या रविवारी नदीकाठी सगळी कुटुंबं डबे घेऊन बसलेली बघितली, त्यात आमच्या बेकरीतली बाई पण होती, पायातले बूट काढून, मुलीची वेणी घालत. माझ्या चौघीजणी पाळीपाळीने सुट्टी घ्यायच्या, म्हणजे एकीची मंगळवारी, एकीची गुरुवारी, त्यांच्या मुलांना शाळेची सुट्टी असते तेव्हा आईचा हात कणकेत. दिवाळीपासून केंद्र रविवारी बंद ठेवलंय. तोटा होतोय, लपवत नाही.

पहिल्या आठवड्यात वरच्या आजी रागावल्या, रविवारी आम्ही काय खायचं म्हणून. मी म्हटलं आजी, शनिवारी रात्री चार जास्त घ्या आणि सकाळी फोडणीची पोळी करा. न्यूरेम्बर्गच्या आजी पण शिळा पाव दुधात भिजवून, कांदा, अंडं, पार्स्ली घालून त्याचे गोळे उकडतात, ज़ेमेलक्नोडल म्हणतात, बेकरीवाले पण कालचा उरलेला पाव चिरून त्यासाठी विकतात. फ्रिस्कोला ताईने थँक्सगिव्हिंगला टर्कीबरोबरचं स्टफिंग केलं ते सुद्धा वाळलेल्या पावाचंच, फक्त तिने ते मुद्दाम वाळवलेले तुकडे पाकिटातून विकत आणले, घरात दहा दिवस मऊ राहणारा ब्रेड असताना.

परवा रविवारी दुपारी आजींनी वरून पिशवी सोडली. मी घरीच होते, खालच्या बाजूलाच राहते, आवाज आला म्हणून बाहेर येऊन बघितलं तर पिशवीत स्टीलचा डबा, आणि डब्यात फोडणीची पोळी, शेंगदाणे घालून, वर ओलं खोबरं, अजून गरम.